डॉक्टरांची हिरवी खुर्ची आणि तीन निवडणुका

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. शाळेतली किंवा जेवणाच्या टेबलाजवळची नव्हे, दातांच्या दवाखान्यातली. माझ्यात बसायला कोणी हौसेने येत नाही आणि एकदा उठलेला माणूस मागे वळून बघत नाही. तरीही माझं आयुष्य कंटाळवाणं गेलं, असं मी म्हणणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. जाड लोखंडी पाया, हिरवं रेक्झिन, डोकं टेकायला गोल उशी आणि पायाशी एक दांडा. तो दाबला की पोटातल्या तेलाच्या जोरावर मी वर जाते. लाकडी खोक्यातून मला बाहेर काढलं, तेव्हा डॉक्टरांचं नुकतंच लग्न झालं होतं. आधी ते स्वतःच माझ्यात बसले आणि बायकोला दांडा दाबायला सांगितला. मग ती बसली आणि यांनी दाबला. पुढे बायकोच दवाखान्याचं सगळं बघू लागली. हत्यारं उकळायची, कापूस द्यायचा आणि घाबरलेल्या माणसाचा हात धरायचा. सगळे तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणते.

आमचं छान चाललं होतं. दुखणं एकच होतं. गल्लीतल्या नळाचं पाणी कधीही जायचं. पेशंटच्या तोंडात कडू औषध, तो चूळ भरायला वाकलेला, आणि नळ नुसता फुसफुसतोय. डॉक्टरांनी अर्ज केले, आमदारसाहेबांच्या दारात बाकावर ताटकळले. साहेब दर वेळी नुकतेच बाहेर पडलेले असत. शेवटी एके दिवशी चिमटा खाली ठेवून डॉक्टर म्हणाले, की आता आपणच विधानसभेला उभं राहायचं. वहिनींना वाटलं, यांना ऊन लागलं.

पहिल्या निवडणुकीचा प्रचार डॉक्टरांनी माझ्यापाशीच केला. पेशंटने तोंड उघडलं की आत आरसा घालून विचारायचे, "मत आपल्यालाच ना?" पेशंट म्हणायचा, "आं." डॉक्टर खूश.

"अहो, तोंडात आरसा असताना माणूस दुसरं काय म्हणणार?" असं वहिनी म्हणाल्या, ते त्यांनी कानाआड केलं. निकालात डिपॉझिट जप्त झालं. त्यानंतर कितीतरी दिवस ते लोकांच्या जबड्यांत असे निरखून बघत, जणू मतं तिथेच कुठेतरी अडकून राहिली आहेत.

दुसऱ्या वेळी वहिनींचा धाकटा भाऊ मदतीला आला. त्याचा घसा मोठा आणि उत्साह त्याहून मोठा. दात काढत बसलात तर लोकांत कधी जाणार, असं म्हणून त्याने आधी दवाखान्याला कुलूप ठोकलं. मग मला ट्रकवर चढवलं. माझ्यात उंच बसून डॉक्टर गावभर हात हलवणार, अशी त्याची योजना होती. खोटं कशाला बोलू, मीही हुरळून गेले. पण माझ्या पोटातल्या तेलाकडे कित्येक वर्षं कोणी बघितलं नव्हतं आणि आतलं रबरही झिजलं होतं. ट्रक निघाला तेव्हा डॉक्टर टेचात उंचावर होते. मग प्रत्येक खड्ड्याला मी थोडी थोडी खाली बसू लागले. बाजारात पोचेपर्यंत ट्रकच्या फळीवरून फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं. चौकात आलो तेव्हा उरला होता नुसता हलणारा हात. मेहुण्याची आमच्याकडे पाठ होती. तो भोंग्यावरून गर्जत होता, की आमचा उमेदवार वर चाललाय. लोक पोट धरधरून हसत होते.

त्या हातामुळे डॉक्टर सगळ्यांच्या लक्षात राहिले आणि या खेपेला डिपॉझिट वाचलं. बाकी पराभव तो पराभवच.

पण खरी नामुष्की पुढेच होती. त्या कुलपाच्या दिवसांत कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी सुजलेला गाल घेऊन दोनदा येऊन परत गेल्या होत्या. शेवटी बसने दूरच्या शहरात जाऊन त्यांनी दात दाखवला. तेव्हापासून त्यांनी डॉक्टरांशी बोलणंच टाकलं. वहिनींना हे बाजारात कळलं. त्या सहसा चिडत नसत, पण त्या दिवशी माझ्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "निवडून आलात तर लोकांची कामं करणार म्हणता. मग कुलूप बघून परत गेले, ते कोण होते?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझं रबर बदललं, तेल भरलं आणि फाटलेल्या रेक्झिनला ठिगळ लावलं.

तिसऱ्या निवडणुकीत सकाळी दवाखाना आणि संध्याकाळी पायी प्रचार. आता ते पेशंटची चूळ भरून झाली की मगच बोलत, आणि जास्त वेळ ऐकत. वारं फिरलं होतं. मेहुण्याने मिरवणुकीसाठी ट्रकसुद्धा सांगून ठेवला.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी भर दुपारी मागच्या दाराने तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस आत आला. ते आमदारसाहेब होते. दाढ ठणकत होती आणि संध्याकाळी मोठी सभा होती. मेहुण्याने डॉक्टरांना कोपऱ्यात ओढलं आणि सुचवलं, की यांना परवा बोलवा.

"त्या खुर्चीत बसला, की तो पेशंट," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

ओठ रात्रीपर्यंत बधिर राहील, भाषण करू नका, असं त्यांनी साहेबांना आधीच बजावलं. दाढ निघाली. साहेब चूळ भरायला वाकले आणि नळ फुसफुसला. वहिनींनी पिंपातलं पाणी तांब्यातून आणून दिलं. साहेब बराच वेळ त्या नळाकडे बघत बसले.

अंधार पडता पडता मेहुणा डोकं धरून आला. साहेबांनी वाकड्या ओठाने भाषण केलंच होतं, आणि आमच्या गल्लीला नवी पाइपलाइन जाहीर करून टाकली होती. लोकांना त्यांची दयाही आली होती.

"भाऊजी, आपला मुद्दा त्यांनी आपल्याच खुर्चीतून उचलून नेला," तो म्हणाला.

डॉक्टर अगदी थोडक्यात पडले.

निकालाच्या दुसऱ्या सकाळी पडलेल्या चेहऱ्यानेच त्यांनी दार उघडलं, तर बाहेर गाल धरून माणसांची रांग. सगळ्यात पुढे भाजीवाल्या मावशी. इतक्या वर्षांनी त्या माझ्यात बसल्या, पण तोंड काही उघडेनात.

"आधी सांगून टाकते. मी मत तुम्हाला दिलं नाही."

"का हो मावशी?"

"तुम्ही राजधानीत जाऊन बसलात, की इथे परत कुलूप. आमदार कोणीही होतो. आमच्या दाढा कोण बघणार?"

बाहेरच्या रांगेत एकाएकी सगळ्यांनाच खोकला आला. डॉक्टर दाराकडे बघत राहिले. मग हळूच वहिनींकडे वळले.

"आणि तू?"

वहिनी कापूस पिंजत म्हणाल्या, "मतदान गुप्त असतं."

डॉक्टर इतके हसले, की त्यांचा पाय माझ्या दांड्यावर पडला आणि मावशी वर वर जाऊ लागल्या.

मित्रांनो, पाइपलाइन खरंच आली. साहेबांची आणखी एक दाढ किडकी होती, त्याचाही उपयोग झाला असेल. डॉक्टर पुन्हा उभे राहिले नाहीत. मी अजून कामात आहे. तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू निमूटपणे राबत असेल, तिला वेळच्या वेळी तेल घाला. आणि एखाद्या माणसावाचून तुमचं अडत असेल, तर तेही त्याला वेळेवर सांगा. तेवढ्यासाठी त्याला निवडणुकीत पाडू नका.