विंगेतून आलेलं वाक्य

मुकुंदरावांचा घसा कोरडा पडायच्या आधी सुमतीचा पडायचा. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तिची ही खोड गेली नव्हती. नाटकात ती विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला उभी राही आणि नवरा कुठे अडणार हे त्याच्या खांद्यांवरूनच ओळखी. मुकुंदराव पाठांतर करतच नसत. विंगेतून येईल ते वाक्य भरदार आवाजात फेकायचं, की टाळ्या पडल्याच.

१९७४ साली त्यांच्या कचेरीच्या नाटकाची पत्रिका छापून आली. आठ महिने स्टोव्हशेजारी बसून सुमतीनं लिहिलेलं नाटक. लेखक म्हणून नाव मात्र मुकुंदरावांचं.

"अहो, माझं नाव?"

मुकुंदरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तुले माझं चांगलं पाहवत नाही ना वं? मरून जाऊ का मी?"

मग नेहमीसारखी तीच त्यांची समजूत काढत बसली. डोळे पुसून ते पोटभर जेवले. तिचं ताट तसंच राहिलं.

प्रयोग दुपारचा होता, सीताबर्डीच्या नाट्यगृहात. रंग लावता लावता सोबतचा नट वसंत म्हणाला, "वहिनी, तुम्हीबी एखादं नाटक लिहा ना!"

"हिनं?" मुकुंदराव आरशात पाहूनच हसले. "किराण्याची यादी लिहिते, तेबी चुकते!"

सगळे हसले. सुमतीही हसली, पण हसता हसताच तिचं ठरलं.

तिसऱ्या अंकात मुकुंदराव अडले. सुमती गप्प राहिली.

"बोल ना गा भाऊ, झोपला का?" मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं.

मुकुंदरावांनी घाबरून विंगेकडे पाहिलं. तिनं वही मिटली. मग मुलांना शुद्धलेखन सांगावं तसं ती सावकाश म्हणाली, "या नाटकातला एक शब्दही माझा नाही."

मुकुंदरावांनी सवयीनं छाती काढून ते भरदार आवाजात फेकलं.

"हे माझ्या बायकोनं, सुमतीनं लिहिलं. मी ते चोरलं," विंगेतून पुढचं आलं.

तेही त्यांनी फेकलं. 'चोरलं' म्हणून झाल्यावर कुठे ते त्यांच्या कानात शिरलं. पहिल्या रांगेतल्या साहेबांनी चष्मा लावून पत्रिका उघडली.

"पुढचं सांग ना वं," ते ओठातल्या ओठात म्हणाले. त्यांचा पडलेला चेहरा पाहून पुढचं वाक्य सुमतीच्या ओठांवर आलं. ते तिनं गिळलं. वही काखेत मारून ती बाजूच्या दारानं प्रेक्षागृहात गेली आणि त्यांना नीट दिसेल अशा खुर्चीवर जाऊन बसली.

अजून अर्धा अंक बाकी होता.