दहावी जागा

रीनोतल्या त्या कॅसिनोत महिन्यातून एकदा, शनिवारी, पोकरची स्पर्धा व्हायची. शंभर-सव्वाशे माणसं खेळायला बसायची आणि शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांना बक्षिसाचे पैसे मिळायचे. शरयू तिथे तीनदा खेळली आणि तिन्ही वेळा दहावी आली.

सत्त्याऐंशी साल होतं. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या मराठी मंडळींत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. गणपतीच्या पॉटलकला शैलेंद्रने कागदी प्लेट हातात धरून सगळ्यांसमोर जाहीर केलं, "वहिनी पुन्हा दहावीला बसल्या. गणित पक्कं आहे हो त्यांचं, पण पास काही होत नाहीत."

सगळे हसले. शरयूही हसली. ती स्टॅटिस्टिक्सची एम.एस्सी., कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीचं काम बघणारी. गणितावरची चेष्टा तिला लागणारी नव्हती. पण सगळ्यांच्या हसण्यात आपलंही हसू मिसळताना ती बोलून गेली, "आता एकदाच. या वेळी पहिल्या नवांत, पैशात आले नाही, तर पत्ते बंद."

बोलून गेली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. श्रीरंगच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्याने ती लगेच लपवली, पण तोवर तिला दिसली होती.

हरण्याचं तिला एवढं काही वाटत नसे. साठावा नंबर आला की माणूस उठतो, बुफेत जेवतो आणि विसरतो. दहावा आलेला मात्र सहा-सात तास मान मोडून खेळलेला असतो, आणि त्याच्या पदरात साठाव्याइतकंच पडतं. पहिल्या वेळी परतीच्या वाटेवर सॅक्रामेंटो येईपर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती. दुसऱ्या वेळी रविवारी सकाळी उठून तिने फ्रिज रिकामा करून त्याचे कप्पे घासले होते. तिसऱ्या वेळी तर शेवटचा डाव तिने मनात इतक्यांदा पुन्हा पुन्हा वाटला, की खरी पानं असती तर त्यांचे कोपरे झिजले असते. प्रत्येक वेळी उत्तर तेच यायचं: खेळ बरोबर होता, पान उलटं पडलं. तीन वेळा म्हणजे नमुना फार लहान, त्यावरून काही ठरत नाही, असं ती स्वतःला समजावी. ते खरंही होतं. त्याने छातीवरचं ओझं मात्र तसूभर हलत नसे.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी दोघं पहाटे निघाली. खेळ सुरू झाल्यावर श्रीरंग नेहमीप्रमाणे पितळी कठड्याबाहेर कॉफीचा कप घेऊन उभा राहिला. त्याला या खेळातलं मोजकंच कळायचं. प्रत्येकाला दोन झाकली पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच उघडी, त्यांतून ज्याची जुळणी सरस त्याचा डाव. पैशांऐवजी लावायच्या चिप्स संपल्या की बाहेर. एवढं पुरे होतं त्याला.

दुपारी चौदाजण उरले तेव्हा मधली सुट्टी झाली. शरयूपुढे चिप्सचा ढीग बऱ्यापैकी होता. ती कठड्यापाशी आली. श्रीरंगने तिला अर्धं सँडविच दिलं आणि अगदी सहज विचारलं, "आता तू खेळायचं थांबवशील ना?"

"म्हणजे?"

"दर वेळी थांबवतेस. थोडे लोक उरले की तू पानं बघतेस आणि टाकून देतेस. मागच्या वेळी मी कॉफी संपवून दुसरी आणली, तीही संपवली, तोवर तू एकही डाव खेळली नव्हतीस. मला वाटलं, अशीच पद्धत असेल."

तो टोमणा नव्हता. श्रीरंगला टोमणे मारता येत नसत. शरयूच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं.

कंपनीत सिलिकॉनच्या चकत्या शेवटच्या तपासणीत नापास झाल्या, की नवीन इंजिनिअर धावत त्या तपासणीच्या यंत्राकडे जायचे. शरयू त्यांना मागे फिरवायची. दोष शेवटी दिसला म्हणजे शेवटी झाला असं नाही. मागे जा, भट्टीपर्यंत जा. हे तिने किती जणांना शिकवलं असेल. आणि स्वतःच्या बाबतीत तीन महिने ती शेवटचा डाव तपासत बसली होती. त्याआधीचा तास तिने एकदाही पाहिला नव्हता. त्या तासात ती दुसरं कोणीतरी आधी बाहेर पडेल याची वाट बघत बसायची. दर फेरीला टेबलावर ठेवायच्या सक्तीच्या चिप्स तिचा ढीग कुरतडत राहायच्या, आणि शेवटच्या डावापर्यंत तिच्याजवळ एक उलटं पान सोसायला पुरेल इतकंही उरत नसे. नशिबाचा भाग त्यानंतरचा.

सुट्टी संपल्यावर ती वेगळी खेळली. मध्यम पानांवरही चिप्स पुढे सरकवू लागली. समोरचे लोक तिला ओळखत होते: साडीवर स्वेटर घालणारी, मुंगीच्या पावलाने खेळणारी बाई. त्यांनी पानं टाकली. तिचा ढीग वाढत गेला. चौदाचे बारा झाले, बाराचे दहा, आणि दहाजणांना एका टेबलावर आणलं गेलं. आता एकजण बाहेर पडला, की उरलेले सगळे पैशात.

तिच्याहून मोठा ढीग फक्त एकाचा होता. काळा चष्मा लावलेला, च्युइंग गम चघळणारा तरुण. सगळ्यांत लहान ढीग अर्लचा. अर्ल म्हातारा ट्रकड्रायव्हर, दर महिन्याला यायचा, शरयूसाठी खुर्ची ओढून द्यायचा, तिच्या आईची तब्येत विचारायचा. त्याने पानं वाटणाऱ्या डीलरला हाताने थांबवलं आणि टोपी मागे सारली. मंडळी, सेव्ह करायचा का, असं त्याने विचारलं.

सेव्ह म्हणजे त्या खेळाडूंमधली जुनी रीत. नऊजणांनी आपापल्या बक्षिसातलं थोडं थोडं काढायचं आणि दहाव्याला त्याची प्रवेश फी परत द्यायची. लिखित नियम नाही, पण सगळ्यांचं एकमत लागतं. एकाने नको म्हटलं की बेत मोडला.

टेबलाभोवती माना हलत गेल्या. चष्मेवाल्यानेही खांदे उडवून होकार दिला. मग सगळ्यांनी शरयूकडे पाहिलं, पण विचारायचं म्हणून. तीनदा दहावी आलेली बाई नको कशाला म्हणेल?

हो म्हणणं किती सोपं होतं. फी परत मिळाली तर "पैशात आले" असं मंडळात सांगताही आलं असतं. खोटं ठरलं नसतं. शिवाय शरयूला नाही म्हणता येत नाही हे सगळ्या सनीव्हेलला ठाऊक होतं. म्हणून तर दर पाडव्याला ऐंशी माणसांचं श्रीखंड तिच्या गळ्यात पडायचं आणि दोन दिवस तिच्या बाथटबवर उशीच्या अभ्र्यांत दही टांगलेलं असायचं.

पण या क्षणी टेबलावरची सगळी माणसं घाबरलेली होती. ती भीती तिला चेहऱ्याचेहऱ्यावर वाचता येत होती, कारण तीन महिने तीच भीती तिच्या घरी राहायला होती. सेव्ह झाला की भीती जाणार, आणि तिने पुढे सरकवलेल्या चिप्सना जो तो आपल्या चिप्स लावून उत्तर देऊ लागणार.

"नको," शरयू म्हणाली. आवाज इतका बारीक आला की डीलरने पुन्हा विचारलं. "नको. मला मान्य नाही."

अर्लची टोपी डोक्यावर अर्धवटच राहिली. "तुम्ही? मॅडम, कसं वाटतं ते तुमच्याइतकं इथे कोणाला माहीत आहे?"

"माहीत आहे, म्हणूनच."

अर्लने मान खाली घातली. शरयूचे कान तापले होते, आणि कठड्याकडे बघायचं तिने कटाक्षाने टाळलं.

डाव सुरू झाला. तिने चिप्स पुढे केल्या; सगळ्यांनी पानं टाकली. पुढच्या डावात पुन्हा. त्यानंतर पुन्हा. अर्लने एकदा पानं उचलून बराच वेळ न्याहाळली, ओठ चावले आणि टाकून दिली. तिचा हिशेब चुकला नव्हता.

मग तिला दोन राण्या आल्या. तिने चिप्स पुढे केल्या. चष्मेवाल्याने गम चघळणं थांबवलं आणि दोन्ही हातांनी आपला सगळा ढीग मध्ये लोटला.

पानं टाकून दिली असती तर तिच्याजवळ अजून भरपूर उरलं असतं. थोडा वेळ गप्प बसली असती, तर अर्ल आधी गेला असता हे जवळजवळ नक्की. पण या माणसाने तिला सलग तीन डाव उचलताना पाहिलं होतं आणि तो तिला लगाम घालत होता. एवढ्यासाठी त्याला एक्क्यांची किंवा राजांची जोडी लागणार नव्हती. राण्या पुढे असण्याची शक्यता मागे असण्यापेक्षा जास्त होती. मघाशी सोडलेल्या भित्र्या खेळाकडे परत जायचं की नाही, एवढाच प्रश्न उरला.

"खेळते," ती म्हणाली, आपला सगळा ढीग पुढे केला आणि राण्या उघड्या केल्या.

त्याच्याकडे एक्का आणि राजा निघाला. शंभरातल्या पंचावन्न-सत्तावन्न वेळा राण्या जिंकतात. डीलरने तीन पानं मांडली: सत्ता, तिर्री, गुलाम. चौथं आलं नव्वा. कोणीतरी श्वास सोडल्याचं ऐकू आलं. पाचवं पान चौकटचा राजा होता: त्याच्या दोन राजांपुढे तिच्या दोन राण्या हरल्या, आणि सगळा ढीग गेला.

टेबलाभोवती टाळ्या पडल्या. त्या तिच्यासाठी नव्हत्या. नऊजण पैशात आल्याच्या होत्या. शरयू उठली. अर्लही उठला. ज्या बाईने त्याची फी नाकारली होती तिच्याच जाण्याने तो पैशात आला होता, आणि चेहऱ्यावर काय आणावं ते त्याला कळत नव्हतं. त्याने हात पुढे केला. तिने तो धरला.

गाडीत बसल्यावर श्रीरंगने लगेच किल्ली फिरवली नाही.

"वाईट झालं," तो म्हणाला. मग जरा थांबून, जपून म्हणाला, "पण ठरलं होतं तसं आता..."

टेबलावर नको म्हणणं परवडलं, असं शरयूला वाटलं. तिथे समोर श्रीरंग नव्हता. आणि त्याचं काही चुकत नव्हतं. शनिवारमागून शनिवार तो त्या कठड्याला टेकून उभा राहिला होता.

"ते मी ठरवलं तेव्हा घाबरलेली होते," ती म्हणाली. "मी पत्ते बंद करणार नाहीये, श्री."

"मंडळात सगळ्यांसमोर बोललीस."

"सगळ्यांसमोर परत सांगेन. शैलेंद्रला काय हसायचं ते हसू दे. तू मात्र दर वेळी यायला नको. मी चालवत येईन."

त्याने समोरच्या काचेतून डोंगराकडे पाहिलं. हे त्याला आवडलेलं नाही हे तिला कळत होतं. ती ते बदलायला गेली नाही. दहावं येणं मात्र तिला मागच्या तीन वेळांइतकंच लागलं होतं, रतीभरही कमी नाही.

"त्या राण्या टाकता आल्या असत्या ना?" त्याने विचारलं.

"आल्या असत्या."

"मग तू पैशात आली असतीस."

"बहुतेक."

"आणि तरी?"

"आणि तरी," शरयू म्हणाली. "भूक लागलीय. आधी कुठेतरी थांबू या, आणि नंतर गाडी मला दे."

श्रीरंगने किल्ली फिरवली.