तेनेंगच्या वाटणीचा दिवस

"जरा सरकून बस," तेनेंग म्हणाली. नाफी सरकली, तरी तेनेंगला ती जवळच वाटली. सवत ती सवत, खुर्ची हलवून थोडीच लांब जाते.

सत्यशोधन आयोगाचं सभागृह गच्च भरलं होतं. हुकूमशहा देश सोडून पळाला, आयोग बसला, आणि तेव्हापासून घरोघरी रेडिओवर हीच सुनावणी. मासळीबाजारातल्या बायकासुद्धा मासे धुरावर टाकता टाकता तीच ऐकत. आज आन्सूचं प्रकरण होतं. आन्सू म्हणजे या दोघींचा नवरा, पोस्टातला कारकून. चहाच्या अड्ड्यावर त्याने त्या हुकूमशहाच्या चालण्याची नक्कल केली, एवढंच निमित्त झालं. बावीस वर्षांपूर्वी त्याला उचललं ते उचललंच.

घरातलं एकच माणूस बोलेल, असं आयोगाने कळवलं होतं. नाफी चार बुकं शिकलेली. तिने अर्ज भरला आणि गेल्या आठवड्यात, थोरली जिवंत असताना, धाकटी टीव्हीवर जाऊन बसली. नवरा माझ्या घरून गेला, माझ्या हातचं पाणी पिऊन गेला, असं तिने साऱ्या देशाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाजारात जो तो तेनेंगला सांगत होता, तुझ्या सवतीने रडवलं गं आम्हाला. तेनेंगने हातातला मासा जरा जोरातच फळीवर आपटला.

साक्षीचं दुःख एक वेळ तिने गिळलं असतं. तिचं खरं दुखणं जुनं होतं. आन्सू दोन दिवस सेरेकुंडाला नाफीकडे राही आणि दोन दिवस बकाऊला तेनेंगकडे. दुसरं लग्न करताना त्याने हे चारचौघांत कबूल केलं होतं, धर्मही तेच सांगतो. ज्या संध्याकाळी त्याला पकडलं, तो दिवस तेनेंगचा होता. तिने तो बोटांवर हजारदा मोजला होता. तरी तो गेला नाफीच्या घरून. म्हणजे शेवटच्या दिवशीसुद्धा तिचा हक्क डावलून तो धाकटीच्या पदराआड बसला. नवरा गेला म्हणून लोक तिचं सांत्वन करत. ती रडे ते या दुसऱ्याच कारणाने, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

आन्सूला पकडायला गेलेला माजी शिपाई साक्षीला येऊन समोर बसला. तेनेंगला वाटलं होतं, कुणी राक्षस असेल. हा तर पोट सुटलेला, चष्मा पुसत बसलेला म्हातारा. आन्सूला कुठे पकडलं, असं आयोगाच्या वकीलबाईंनी विचारलं.

"सेरेकुंडाच्या घरी गेलो, पण तो तिथून निघाला होता," शिपाई म्हणाला. "बकाऊच्या रस्त्यावर गाठला. एकटाच भराभर चालला होता."

"काही बोलला?"

"म्हणाला, थोरली जेवायची थांबली असेल. दारातून एवढंच सांगून येतो, की तू जेवून घे."

"मग?"

"आम्ही म्हटलं, गाडीत बस."

पुढे तो जंगलाचं, खड्ड्याचं, गोळ्यांचं सांगत राहिला. सभागृहात हुंदके सुरू झाले. तेनेंगच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. तो तिच्याकडेच येत होता. तिला आनंद झाला, लाज वाटावी इतका आनंद झाला, आणि तिने मान वळवून सवतीकडे पाहिलं. नाफी खाली बघत होती.

"तुला ठाऊक होतं," तेनेंग हळूच म्हणाली.

"पोराला ताप होता, औषध द्यायला आला होता. उभ्या उभ्या पाणी प्याला. बस म्हटलं तर म्हणाला, आज तिकडचा दिवस."

"आणि बावीस वर्षं तोंड शिवून बसलीस?"

"तू थोरली, ताई. सगळे तुलाच भेटायला यायचे, तुलाच विचारायचे. माझ्याकडे तेवढंच होतं."

तेनेंगला खूप बोलायचं होतं. बावीस वर्षं घासून ठेवलेले टोमणे होते. तेवढ्यात नाफीनेच डोळे पुसले आणि विचारलं, "काय रांधलं होतंस त्या दिवशी?"

"शेंगदाण्याचं कालवण. भात. त्याच्यासाठी मासा मुद्दाम काट्याविना निवडला होता."

"मग?"

"अंधार पडेपर्यंत वाट पाहिली," तेनेंग म्हणाली. "मग 'मर तिकडेच' म्हटलं, आणि ताट शेळ्यांपुढे ओतलं."

समोर वकीलबाई शिपायाला पुढचा प्रश्न विचारत होत्या.