भरपूर उजेडाचा तारा

साधनाने प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला घेतली, तेव्हा सभागृहातल्या मागच्या रांगेत एकच बाई बसून होती. ती उठून जवळ आली आणि साधनाच्या हातातली वायर खाली पडली.

"रागिणी!"

अमरावतीच्या याच कॉलेजात दोघींनी बीएस्सी केलं होतं, वसतिगृहात एका खोलीत राहून. मग साधना खगोलशास्त्र शिकायला पुण्याला गेली आणि रागिणी लग्न होऊन दर्यापूरला.

दोघी कँटीनमध्ये येऊन बसल्या.

"कसं झालं माह्यं भाषण? समजलं का काही?" साधनाच्या तोंडी जुनी बोली आपोआप आली.

"समजलं ना. मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गोळा, एखाद्या शहराएवढा. शेजारच्या ताऱ्याचा माल ओढून राहिला, अन् तो पडता पडता एक्स-रेचा उजेड निघून राहिला. पण एवढ्या उजेडाच्या रेट्यानं येणारा माल मागं ढकलल्या गेला पाहिजे. तो काहून नाही ढकलल्या जात?"

"तेच तर शोधून राहिलो आमी. आधी वाटलं, एवढा उजेड म्हणजे कृष्णविवरच. मग त्याची ठरावीक उघडझाप सापडली. कृष्णविवर तसं करत नाही."

साधनाने कप बाजूला सारला.

"रागिणी, अकोल्यात विज्ञान केंद्र निघतंय. त्यांना आकाश दाखवणारं माणूस हवंय. मी तुझं नाव सांगितलं."

"माह्यं?"

"वसतिगृहाच्या गच्चीवर तारे पाहायला आधी तूच चढायची. सतरंजी तू न्यायची. घरच्यांनी लग्नाची घाई केली नसती, तर आज त्या स्टेजवर तू असती. इतकी वर्षं हेच मनात घेऊन बसली मी."

रागिणी हसू लागली. बशीतला चहा हिंदकळला.

"मले कोणी ओढून नाही नेलं वं. मीच म्हटलं घरी, पाहा स्थळ. गणित आवडे मले, तेच शिकवते शाळेत. आकाशाचं मले कधी काही वाटलंच नाही."

"मग रोज गच्चीवर?"

"तू अंधाराले भेत होती ना. जिन्यात दिवा नव्हता. एकटी गेली असती का तू?"

साधनाने चमचा उचलला आणि साखर विरघळून गेलेला चहा ढवळत राहिली. सतरंजीवर आडवी होताच रागिणी डोळे मिटून घ्यायची. ती मन लावून ऐकतेय, असं साधनाला वाटायचं. एकेका ताऱ्याचं नाव साधना मोठ्याने सांगत राहायची.

"आताबी गच्चीवर बसा लागते का?" रागिणीने विचारलं.

"नाही. एक्स-रे हवेतून खाली पोचत नाहीत. दुर्बीण वर उपग्रहावर असते. मी खोलीत बसूनच पाहते."

"दिवा लावून?"

"दिवा लावून."

"बरं झालं माय," रागिणी म्हणाली, आणि निवांतपणे बशी तोंडाला लावली.