कोणाचाच नसलेला नळ

मित्रांनो, तळवली गावात शिरलात की उजव्या हाताला सिमेंटच्या ठेंगण्या खांबात बसवलेला एक काळवंडलेला पितळी नळ दिसतो. तो जुना नळ म्हणजे मी. माझ्याकडे आता कोणी फारसं बघत नाही. तरी माझी गोष्ट ऐका. ती थोडी माझी आणि बरीचशी पुतळा नावाच्या इथल्या एका सुनेची आहे.

ठाण्याच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. कानशीने घासून मला इतकं चकचकीत केलं होतं की बघणाऱ्याला आपलं तोंड दिसावं. १९७९ साली मी तळवलीत आलो. तोवर खाडीकाठची भातशेती नव्या शहरासाठी गेली होती आणि बेलापूर रस्त्यालगत कारखाने उभे राहिले होते. चैत्र लागला की गावची विहीर मचूळ व्हायची. म्हणून माझ्यातून पहिलं गोडं पाणी आलं, तेव्हा वरच्या आळीतल्या केशरबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं. ओंजळभर पाणी प्यायल्यावर मगच त्यांनी माझ्याखाली हंडा लावला.

पाणी सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर यायचं. माझ्यापुढे त्याच वाहिनीवर आणखी तीन नळ होते. शेवटचा वरच्या आळीत, केशरबाईंच्या दारासमोर. पहिली दोन वर्षं सगळ्यांना पाणी पुरलं. एखादीचा हंडा भरून वाहिला, तर बाया तिला तिथल्या तिथे बोलायच्या.

पुढे माझं अप्रूप ओसरलं. माझ्या पोटात चामड्याचा एक वायसर, म्हणजे पाणी अडवणारी चकती, असतो, तो झिजला. कितीही आवळलं तरी मी बंद होईना. आधी थेंब गळू लागले, मग करंगळीएवढी धार लागली. कोणी चिंधी बांधली, कोणी काटकी खुपसली. पाणी असे तोवर मी गटारात वाहत राही आणि वरच्या आळीतला नळ नुसता फुसफुसत राही. त्या आळीतल्या बाया हंडे घेऊन उतारावरून माझ्याकडे येऊ लागल्या. त्यांत केशरबाईंची सून पुतळाही होती. तिला सहावा महिना लागला होता.

तिचा नवरा सिताराम एका कारखान्यात फिटर होता. एका संध्याकाळी केशरबाईंनी त्याला माझ्यासमोरच थांबवलं.

"तू कंपनीत दिवसभर नळच दुरुस्त करतोस ना? ह्याला बघ की जरा."

"तो काय आपला नळ हाय? पंचायतीचा हाय. त्यांनी अर्ज दिलाय वर."

"पानी तर आपलंच चाललंय."

"आये, दमून आलोय. रविवारी बघतो."

पुतळा तिथेच पाणी भरत होती. तिने हंडा कमरेवर घेतला आणि दुसऱ्या हाताने भिंतीचा आधार घेत चढ चढू लागली.

असे पाच-सहा रविवार गेले. माझ्याभोवतीच्या फरशीवर हिरवं शेवाळ धरलं. सगळ्यांना ते दिसत होतं. "जपून गं," असं म्हणून बाया एकमेकींना सावध करायच्या आणि आपापलं पाणी भरून जायच्या.

फाल्गुनातल्या एका सकाळी भरलेला हंडा उचलताना पुतळाचा पाय सरकला. ती पोटावर पडली. बाया धावल्या. रस्त्यावरचा एक टेम्पो थांबवून तिला ठाण्याच्या इस्पितळात नेलं. तिचा हंडा माझ्यापाशी आडवा पडून होता आणि मी वाहतच होतो. मित्रांनो, नळाला स्वतःचं तोंड मिटता येत नाही.

चार दिवसांनी पुतळा परत आली. बाळ गेलं होतं. मुलगी होती, असं बाया हळू आवाजात सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पाणी नसताना, सिताराम पाना घेऊन आला. त्याने मला उघडलं, कुजलेला वायसर काढला. एका जुन्या चपलेच्या तळातून बंद्या रुपयाएवढी चकती कापली, ती बसवली आणि मला आवळलं. मग विटेच्या तुकड्याने तो फरशीवरचं शेवाळ खरवडत बसला. केशरबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"झालं?"

"झालं."

"किती वेळ लागला?"

वीट बाजूला ठेवून तो दोन्ही हातांत तोंड लपवून बसला.

त्या संध्याकाळी वरच्या आळीत पाणी चढलं. पुतळा दाराबाहेर आली, एक हंडा भरला, नळ घट्ट बंद केला आणि आत गेली. हे मला बायांच्या बोलण्यातून कळलं. माझ्याकडे मात्र ती पुन्हा कधी आली नाही. तिला यायची गरज उरली नव्हती. असती तरी ती आली असती का, कोण जाणे.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. वाहता नळ दिसला, तर तो कोणाचा हे विचारत बसू नका. हात पुढे करून तो बंद करा. बंद होत नसेल, तर ज्याला जमतं त्याला हाताला धरून घेऊन या, त्याच दिवशी. तुमच्या पायाशी सांडणारं पाणी कोणाच्या तरी वाट्याचं असतं. तुम्हाला दिसत नाही, पण पुढे चढावर कोणीतरी रिकामा हंडा घेऊन उभं असतं.