पायाच्या मुंग्यांचं निमित्त

लग्न झालेल्या मित्रांनो, मी डॉक्टरांच्या टेबलावरचा एक जुना नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क. पोलादाची कांडी तापवून, वाकवून एका कारागिराने मला घडवलं, घासून घासून माझा सूर नेमका केला, आणि मी सोलापुरात डॉक्टर मल्लप्पांच्या दवाखान्यात आलो. माझं काम साधं. मला तळहातावर आपटायचं आणि मी थरथरत असतानाच रोग्याच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवायचं. थरथर जाणवली तर नसा शाबूत. मधुमेहाने पाय बधिर होऊ लागले, की ते माझ्यामुळे लवकर लक्षात येतं. शिकाऊ डॉक्टरांपुढे माझं कौतुक व्हायचं. पुढे शहरात नसा तपासायची यंत्रं आली आणि मी बहुतेक वेळ ड्रॉवरमध्ये राहू लागलो.

गेल्या उन्हाळ्यात होटगीचा बिरदेव आला, तेव्हा मला बाहेर काढलं. तो रेल्वेत रूळ दुरुस्तीच्या टोळीत कामाला, वय तिशीच्या आसपास. त्याची बायको राजाबाई बाहेर बसली होती.

"पायाला मुंग्या येत्यात," तो म्हणाला.

डॉक्टरांनी मला त्याच्या अंगठ्यावर टेकवलं. त्याला सगळं नीट जाणवत होतं.

"नसा चांगल्या आहेत," डॉक्टर म्हणाले.

बिरदेव चप्पल घालायला वाकला, पण उठला नाही.

"डॉक्टर, पायाचं काय न्हाय."

मी अजून डॉक्टरांच्या हातातच होतो. बिरदेव खाली बघून बोलू लागला. बायकोजवळ गेलं की वीर्य पडायला लई वेळ लागतो. कधी पडतच नाही, दमून थांबावं लागतं. भिंतीवरची जाहिरात बघून आणलेली पुडीही खाऊन झाली. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही.

"तिच्या समद्या तपासण्या झाल्या. माजी एक बी न्हाय. आई म्हणती, दुसरी करू."

"पहिल्यापासून असंच आहे?"

"न्हाय. आदी बरं हुतं."

"मग मध्ये काय झालं?"

रुळावर काम करताना त्याचा जोडीदार जोतिराम इंजिनाखाली सापडला होता. बिरदेवने ते पाहिलं. त्यानंतर त्याची झोप गेली, छाती धडधडू लागली. मनोविकारतज्ज्ञाच्या गोळ्यांनी तो पुन्हा कामावर जाऊ लागला. गोळ्या अजून चालू होत्या.

डॉक्टरांनी मला खाली ठेवलं. "मधुमेह, थायरॉइड, दारू, मनावरचा ताण, याची कारणं बरीच असतात. पण अशा काही गोळ्यांनीही हे होतं. तुमचं त्यांच्यामुळेच असावं, असं मला वाटतं."

"मग आजपास्नं बंद करतो."

"तसं करू नका. एकदम बंद केल्या तर धडधड परत येईल, आणि तुम्ही रुळावर उभं राहणारी माणसं. ज्यांनी दिल्या त्यांनाच विचारू. राजाबाईंना आत बोलावू का?"

बिरदेवने होकारार्थी मान हलवली.

राजाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटायचं, मी ह्यास्नी नकोशी झाले."

"तसं न्हाय गं."

"मग बोलायचं की."

बिरदेवच्या रक्ततपासण्यांत दोष निघाला नाही. मनोविकारतज्ज्ञांनी जुनी गोळी हळूहळू कमी करून दुसरी सुरू केली. मुलाची घाई काही काळ बाजूला ठेवा, काय बरं वाटतं ते एकमेकांना सांगा, असं डॉक्टरांनी दोघांना समजावलं. दोन-चार दिवसांत फरक पडला नाही. पावसाळा सरताना ती दोघं पुन्हा आली.

"दर खेपेला न्हाय, पण हुतंय आता," बिरदेव म्हणाला.

मूल अजून नव्हतं. पण राजाबाईने दुसरी गोष्ट सांगितली. "ह्यांनी सासूबाईंना सांगितलं, दोष हिचा न्हाय, औषध माजं चालू हाय. त्या दिवसापास्नं दुसरीचं नाव न्हाय घरात."

ती हे सांगत असताना बिरदेव खिडकीबाहेर बघत होता.

मित्रांनो, त्यानंतर मी पुन्हा ड्रॉवरमध्ये गेलो. माझी तक्रार नाही. पण एवढं ऐका. वीर्य पडायला फार वेळ लागणं हा आजार आहे, त्याला कारणं असतात आणि बहुतेकांवर उपाय निघतो. चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि मूल होत नाही म्हणून घरात बायको एकटीच तपासण्या करून दमली असेल, तर पुढच्या वेळी आधी तुम्ही स्वतःची तपासणी करून घ्या.