दातांचं बिऱ्हाड

आमच्या अनसाची दाढ माझ्या तोंडात राहायला आली, त्यो दिवस बाजाराचा व्हता. उठलो, चूळ भरली, तर जीभ मागं नव्या दाढंला अडली. बोटानं हलवून बघितली. हलंना. चांगली रुजून बसली व्हती, जन्मापासनं तिथंच असल्यागत.

मी बैलबाजारातला दलाल. शाळंत दोन बुकं झाली आन् बापानं हातात कासरा दिला. पर जनावराचा जबडा उघडला की वय सांगतो. दोन दाती, चार दाती, सगळे दात येऊन जुळलेला. मालक खोटं बोलंल, दात बोलत न्हाई. तवा ही दाढ कुणाची, ते वळखायला मला येळ लागला न्हाई. तिला मशेरीची चव व्हती. आमच्या घरात तंबाखू भाजून दाताला लावणारी एकच.

ती चुलीम्होरं बसून बोट फिरवत व्हती.

"अनसे, आ कर."

"का? बाजारात इकायला नेताय का?"

"आ कर म्हंतो न्हवं."

"माझं वय झालं धनी. गिऱ्हाईक गावायचं न्हाई."

तरी आ केला तिनं. हजारो जबडे उघडले मी, पर बायकोच्या तोंडात पयल्यांदाच बघितलं. लाजल्यागत झालं. मागं उजव्या अंगाला जागा मोकळी व्हती. ना रगत, ना सूज. कुणीतरी झाडून-पुसून घर सोडल्यागत.

"तुझी दाढ माझ्याकडं आलीया."

"मग राहू द्या की. तुमच्यात मशेरी न्हाई, तिला बरं वाटंल," म्हणाली, आन् बोट परत तोंडात.

मग रोज सकाळी एक दात यायचा. माझ्या दातांच्या मागं दुसरी रांग बसली. अनसाचे गाल आत गेले, माझे फुगले. भाकरी मी चावायचो आन् प्वाट तिचं भरायचं. ह्येचा मेळ मला काय लागंना.

बाजारात मकबूलचाचानं मला हटकलं. आम्ही दोघं एकाच लिंबाखाली दलाली करतो, लई वर्सं झाली.

"भिवा, जबडा का जड दिसतोय?"

त्येनं माझा खालचा ओठ धरला, तोंड उजेडाकडं फिरवलं, बैलाचं फिरवतो तसंच.

"ही मागली रांग कुणाची?"

"मंडळीची."

"काळी पडलीया. मशेरी?"

"व्हय."

चाचानं माझा ओठ सोडला. मग म्हणाला, "माझ्या मावशीचं असंच झालं. शेवटचा दात गेला, मागनं मावशी गेली."

"मेली?"

"मरतीय कशाला? दात जिथं, तिथं गेली. आमच्या खालूच्या, म्हंजे तिच्या नवऱ्याच्या तोंडात. खालू तवापासनं तोंड उघडत न्हाई. कोण काय इचारलं की नुसती मान हलवतो."

अनसाबिगर घर, ही गोष्ट मी कधी मनात आणलीच न्हवती. तसाच तालुक्याला दाताच्या डाक्टरीणबाईकडं गेलो. बाईनं बत्ती लावून बघितलं. तिला नवल वाटलं न्हाई.

"मालकीण कुठंय?"

"घरी."

"त्यांना घेऊन या. तंबाखू बंद, मशेरी बंद. मऊ ब्रश, साधी पेस्ट. आन् काका, बाजारातलं सुटं मंजन आणू नका, त्यात काय मिसळलंय ते आपल्याला कळत न्हाई."

"तिला पेस्ट गुळचट लागती."

"लागू द्या. पुढचे आत या!"

भाईर बाकावर दोन बाप्ये बसले व्हते. दोघांचे गाल फुगल्याले. मी रामराम घातला. त्येंनी नुसती मान हलवली.

ब्रश-पेस्ट घेऊन घरी आलो. "तालुक्याला चल," म्हटलं तर अनसा म्हणाली, "दात तुमच्याकडं, मग मी कशाला? तुमीच जाऊन या." ब्रशानं तिनं समई लख्ख घासली. पेस्ट वास घेऊन ठिवून दिली.

म्होरल्या बाजारी एक गडी भोंगा लावून लाल मंजन इकत व्हता. "तंबाखू सोडवणार! माय-बहिणींनो, मशेरी सुटणार!" डाक्टरीणबाईचं बोलणं मला आठवत व्हतं. पर मी दलाल माणूस. म्हटलं, इकणाऱ्याचंच तोंड बघू.

"आ कर गड्या."

त्येनं आ केला. काय दात सांगू! मोत्यावाणी, एकसारखे, जुळलेला जबडा. मी डबी घेतली.

अनसानं ते लावलं आन् तिचा चेहरा उजळला. "ह्ये बरं हाय बगा. मशेरीची आठवण बी येत न्हाई." तिनं मशेरीची तंबाखू उकिरड्यावर टाकली. मी खूश.

दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडात एकदम मूठभर दात आले. चव घेतली. गेरूची. आन् गेरूच्या खाली तंबाखू.

पळत बाजारात गेलो. बाजार उठला व्हता, तरी गडी तिथंच व्हता. मी न इचारताच त्येचा जबडा फाकला. मोत्यांच्या मागं दुसरी रांग, तिच्या मागं तिसरी, आन् पार घशापातूर दातच दात. एकाचं वय दुसऱ्याशी जुळत न्हवतं. भोंग्यातनं आवाज यायचा थांबला न्हाई. त्येचं तोंड माझ्या हातात व्हतं, तरी भोंगा बोलत व्हता.

घरी आलो तवा अनसाकडं एक दात उरला व्हता, म्होरचा. तिला शब्द फुटंना. माझं तोंड इतकं भरल्यालं की मला बी बोलता येईना.

मग मी तिच्याम्होरं मांडी घातली आन् आमच्या दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं. बाजारात सौदा असाच होतो, तोंडानं न्हाई. कापडाखाली एकमेकाची बोटं धरायची, त्येवढी किंमत. मी तिची पाचीच्या पाची बोटं धरली. म्हंजे माझ्याकडचं सगळं घे, पर ती डबी दे.

अनसा बाजारात कधी बसली न्हाई, पर तिला कळलं. तिनं हात सोडवून माझं एक बोट धरलं. म्हंजे, मंजन आणखी एकदाच लावते.

मी परत पाच. तिनं परत एक.

मी पाच धरून बसलो, सोडलीच न्हाईत. ती माझ्याकडं बघून त्या एका दातानं हसत व्हती. तिचा दुसरा हात कुठं हाय, ते मी बघितलं न्हाई. बघितलं तवा त्या हाताचं बोट तोंडात व्हतं, लालभडक.

उपरण्याखाली तिची करंगळी बारीक झाली, मग न्हवतीच. मग तिच्या शेजारचं बोट. मी मूठ आवळली. उपरणं हळूहळू खाली बसलं, आन् माझी मूठ रिकामी. म्होरं कुणी न्हवतं. म्होरच्या दातांच्या मागं जिभंला एक कोमट दात लागला.

मग आत कुणीतरी चपला काढल्या. जिभंवर तवा ठिवला.

तेवढ्यात दारात मकबूलचाचा आला.

"भिवा, वहिनी कुठंय रे?"

मी मान हलवली. माझ्या नाकातनं धूर येत व्हता.